आप्पांचा अंगठा

गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी आप्पा आधी शिक्क्याच्या शाईचा डबा काढत नसत. "मारायचीय कशावर?" हा पहिला प्रश्न. पुठ्ठा असेल तर पाण्यातली शाई, पुठ्ठा ती पिऊन टाकतो. काच आणि पत्रा काहीच पीत नाहीत, तिथं स्पिरिटातली, झटकन वाळणारी. तेलकट पाइप असेल तर तेलालाही न जुमानणारी. आणि प्लास्टिकचं नाव निघालं की आप्पा कपाळाला हात लावत, कारण प्लास्टिकच्या जाती शंभर आणि प्रत्येकीचे नखरे वेगळे. मग गिऱ्हाइकाच्याच नमुन्यावर शिक्का मारायचा, वीसपर्यंत मोजायचं आणि अंगठ्यानं तीनदा जोर लावून घासायचं. राहिली तर शाई पास. बाजार त्यांना 'अंगठेबहाद्दर' म्हणून चिडवायचा, पण शब्द त्यांचाच चालायचा.

त्या दुपारी औषधाच्या कारखान्याचा सुपरवायझर आला आणि त्यानं बाटल्यांचं खोकं टेबलावर आदळलं. मुदतीच्या तारखेच्या जागी प्रत्येक बाटलीवर निळा फराटा होता.

"पॅकिंगच्या दोघी बायकांचा हात लागला की तारीख पुसतेय," तो म्हणाला. "अशी बाटली पेशंटकडे गेली असती म्हणजे?"

आप्पांनी खोक्यातली कोरी बाटली घेतली, त्याच शाईनं तारखेचा शिक्का मारला, वीस मोजले, घासलं. तारीख जागची हलली नाही.

"बघा! नाचता येईना, अंगण वाकडं. तुमच्या बायका हाताला काय फासतात ते विचारा आधी."

लेक शेल्फापाशी उभी राहून ऐकत होती. तिला दोन महिन्यांपासून ठाऊक होतं. चाळीस वर्षं शाई आणि सॉल्व्हंटमध्ये काढून आप्पांचा अंगठा गुळगुळीत, कोरडा ठणठणीत झाला होता. त्याला घामच येत नसे, आणि त्याच्याखाली कुठलीही शाई पास व्हायची. ती प्रत्येक नमुना त्यांच्या मागे पुन्हा घासायची, चुकीचा डबा गुपचूप बदलायची आणि बापाला चकार शब्द सांगायची नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मध्ये आठ दिवस ती तापानं घरी पडून होती, आणि हा डबा नेमका तेव्हाच गेला होता.

"ठीक आहे," सुपरवायझर खोकं उचलत म्हणाला. "मग त्या दोघींनाच कामावरून काढतो."

आता मात्र तिला राहवलं नाही. तिनं आप्पांच्या पुढ्यातली बाटली घेतली आणि तारखेवरून अंगठा एकदाच फिरवला. सगळी तारीख तिच्या अंगठ्यावर आली.

आप्पांनी तिचा अंगठा पाहिला, मग स्वतःचा. त्यांनीच शेल्फावरचे तीन डबे काढून तिच्यापुढे ठेवले. "तू घास." तिसरी शाई टिकली. सुपरवायझर तो डबा घेऊन गेला.

"कधीपासून माहीत होतं तुला?"

"दोन महिने."

"म्हणजे मी पास करायचो आणि तू मागून बदलायचीस."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, आप्पा..."

"वाटलंच," आप्पा म्हणाले. "तू घरी होतीस तेव्हा कुणाकुणाला डबे गेले, ते सांग."

अकरा गिऱ्हाइकं निघाली. तिनं फोनला हात घातला. "मी बोलते सगळ्यांशी."

"नको. पास मी केलेत."

संध्याकाळपर्यंत ते एकेकाला फोन लावत राहिले. डबा वापरू नका, परत पाठवा, माझ्याकडून चूक झाली. कुणी हसलं, कुणी वाट्टेल तसं बोललं, त्यांनी मुकाट्यानं ऐकून घेतलं. लेकीला तिथं बसवेना आणि उठवेना. अकरावा माणूस मोठ्या आवाजाचा होता, त्याचं बोलणं तिच्यापर्यंत ऐकू आलं.

"अहो, पण तुमची लेक असते ना दुकानात? तिच्याही लक्षात नाही आलं?"

तिनं मान खाली घातली.

"ती तापानं घरी होती," आप्पा म्हणाले. "ती असती तर हे झालंच नसतं."