जगात उरलेली तीस कार्डं

या व्यवहारात यतिनला चोवीस हजार डॉलर मिळायचे होते. साडेएकवीस हजार सेकंडहँड व्हॅनचे आणि उरलेल्या अडीच हजारांत इन्शुरन्स, असा त्याने पै न् पैचा बेत केला होता. देशाच्या सीमा बंद झाल्या तशी ट्रॅव्हल एजन्सीतली नोकरी गेली. सिडनीत माणसं घरात कोंडलेली, पार्सलं मात्र दिवसभर रस्त्यावर. ज्याच्याकडे व्हॅन, त्याला कुरियरचं काम. व्हॅनवाला शुक्रवारपर्यंत थांबणार होता. त्याच्याकडे दुसरं गिऱ्हाईक तयार होतं.

हा सगळा डोलारा उभा होता पुठ्ठ्याच्या एका तुकड्यावर. नव्वदेक वर्षांपूर्वी च्युइंगगमच्या पुड्यातून निघालेलं, कुणा अमेरिकन बेसबॉलपटूचं कार्ड. पीआरचे, म्हणजे ऑस्ट्रेलियात कायम राहण्याच्या परवान्याचे, पॉइंट वाढवायला यतिनने दोन वर्षं डार्विनला काढली होती. तिथे एका मयत म्हाताऱ्याच्या सामानातून पाच डॉलरला घेतलेल्या पत्र्याच्या डब्यात ते निघालं. युद्धाच्या वेळी आलेला एखादा अमेरिकन सैनिक मागे सोडून गेला असावा. खेळाडूचं नाव यतिनला अजून धड उच्चारता येत नसे. किंमत मात्र तोंडपाठ होती.

गिऱ्हाईक ओळखीतलंच. सिडनीतल्याच क्वेकर्स हिल उपनगराचे प्रल्हादकाका लोकांचे टॅक्सचे फॉर्म भरून देत. त्याआधी ते बारा वर्षं ह्यूस्टनला होते; मधुमेह आणि कार्डांचा नाद, दोन्ही तिथूनच आलेले. लॉकडाऊनमध्ये घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायची सोय नव्हती, त्यामुळे गिरावीनचा यतिन आणि काका यांचा सौदा व्हिडिओ कॉलवर चालला होता.

"ग्रेडिंग कंपनीच्या नोंदीत अशी एकसष्ट कार्डं आहेत," काका म्हणाले. ही कंपनी कार्ड तपासायची, एक ते दहात ग्रेड द्यायची आणि फोटो नोंदवून कार्ड प्लास्टिकच्या डबीत सील करायची. "एकसष्ट म्हणजे ढीग झाला रे. तुझ्या चार ग्रेडच्या कार्डाचे चौदा हजार देतो. जगात तीसच उरलीत असं दाखव, चोवीस घे."

"लिहून देता?"

"मेसेज करतो. आता तेच लिहून देणं."

यतिनने डार्विनला कौमुदीला फोन लावला. ती त्याची तिथली जुनी हाउसमेट. आता युनिव्हर्सिटीसाठी मगरी मोजत असे.

"सगळ्या मगरी तुला दिसतात थोड्याच?" त्याने विचारलं.

"दिसत नाहीत म्हणून तर पगार मिळतो. शंभर पकडायच्या, खूण करायची, सोडायच्या. पुढच्या वेळी सापडलेल्यांत निम्म्या खुणेच्या निघाल्या, तर आपल्या शंभर म्हणजे एकूणच्या निम्म्या. दोनशे झाल्या."

"कार्डांना खूण कुठली?"

"नव्वदीच्या माणसाला खुणा वेगळ्या कराव्या लागतात होय? सुरकुत्या बघायच्या."

दोन दिवसांनी तिचा फोन आला; कंपनीच्या नोंदीतले फोटो ताडून तिने ओळवार यादी केली होती. कंपनीकडे गेल्या वर्षी अशी वीस कार्डं तपासायला आली होती, यंदा पंधरा. यंदाच्या पंधरांत दहा गेल्या वर्षीचीच होती. म्हणजे पहिली वीस ही एकूणच्या दोन तृतीयांश.

"तीस," कौमुदी म्हणाली. "लोक डबी फोडतात आणि वरची ग्रेड मिळेल या आशेने तेच कार्ड पुन्हा पाठवतात. कंपनी दर वेळी नवी नोंद करते. दहावीच्या रिचेकिंगसारखं, फक्त इथे दर वेळी मुलगाही नवा धरतात."

 दहावीला दोन मार्कांनी मेरिट हुकलं तेव्हा यतिनने तीन विषय रिचेकिंगला टाकले होते.

"एक कार्ड तर भारीच आहे," ती पुढे म्हणाली. "डावा कोपरा उंदराने कुरतडल्यासारखा. गेल्या वर्षी ग्रेड तीन, यंदा चार."

"माझंच आहे ते."

"माहितीये. तुझा डीपी तोच आहे."

"ते दोन फोटो वेगवेगळ्या कार्डांचे धर ना, प्लीज."

"धरते. मग ओळखीची नऊच राहतात आणि एकूण येतात तेहेतीस. चालतील?"

चालणार नव्हते. स्वतःची लबाडी त्या यादीत घातल्याशिवाय तीस भरत नव्हते.

यतिनची बायको मयूरा पॅथॉलॉजी लॅबमधून डबल शिफ्ट करून आली होती. दिवसभर कोविडचे नमुने हाताळून तिला आकड्यांचं कौतुक उरलं नव्हतं. "चौदा घे आणि गप्प बस," ती म्हणाली.

"चौदात व्हॅन येत नाही."

"यादी पाठवलीस तर येईल?"

त्याने पाठवली. टॅक्सचे फॉर्म भरणारा माणूस एकूण आकड्याची शेवटची ओळ तेवढी वाचून थांबेल, ही त्याची अटकळ.

"तीस मान्य," काका बुधवारी म्हणाले. "पोरीचं काम चोख आहे. आता मला सांग, सातवी ओळ आणि अठ्ठाविसावी ओळ एकच ना? मग मी चारचं कार्ड घेतोय की तीनचं?"

"चारचं. कंपनीने दिलेत."

"तीनही तिनेच दिले होते. अकरा हजार देतो."

"काका, तुम्ही चोवीस म्हणाला होता."

"चारला म्हणालो होतो. दुसरीकडे विक, माझं काही म्हणणं नाही. फक्त ही यादी मी आमच्या कलेक्टर ग्रुपवर टाकणार. माहिती दडवू नये माणसाने."

"तुमच्याकडे आहे का हो हे कार्ड?"

"दोन आहेत. पहिल्या फटक्यात पाचची ग्रेड मिळालेली."

शुक्रवार दोन दिवसांवर होता. यतिनने कार्ड रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं. टपालखर्च काकांनी अकरा हजारांत धरला होता.

शुक्रवारी व्हॅन दारात आली. कौमुदीने काही मागितलं नाही आणि तिला कुणी काही दिलंही नाही. अकरा हजार काकांनी मोजले. पण तीसचा आकडा ग्रुपवर फिरला तशी त्यांची घरची दोन कार्डं सात-सात हजारांनी चढली, म्हणजे यतिनचं कार्ड त्यांना फुकट पडलं, वर तीन हजार सुटले. व्हॅनचे उरलेले साडेदहा हजार आणि इन्शुरन्सचे अडीच, एकूण तेरा हजार डॉलर, मयूराच्या ओव्हरटाइममधून गेले.