वरच्या स्टेशनापर्यंत चार मिनिटं

क्रॅगरॉइडला दोन रेल्वे स्टेशनं आहेत. एक खालचं, एक वरचं. खालच्या फलाटावर उभं राहून मान वर केली की वरच्याच्या छपरावर बसलेली कबुतरं मोजता येतात, इतकी ती जवळ आहेत. तरी खालच्या गाडीचा वरच्या गाडीशी काडीचा संबंध नाही. दीडशे वर्षांपूर्वी दोन कंपन्यांनी या एवढ्याशा खोऱ्यात आपापले रूळ टाकले आणि एकमेकींचं तोंड बघायला नको म्हणून स्टेशनंही वेगवेगळी बांधली. एकीच्या प्रवाशाला दुसरीच्या बाकावर टेकू देत नसत, असं माझा आजा सांगायचा. त्या कंपन्या गेल्या, त्यांचे मालक गेले, मालकांचे नातूही गेले. सुंभ जळला, पण पीळ काही जात नाही. खालची गाडी दहा एक्केचाळीसला येते, वरची दहा बावन्नला सुटते, आणि खालची उशिरा आली तर वरचीला त्याचं सोयरसुतक नसतं.

हे मी तावातावाने सांगतोय, कारण त्या अकरा मिनिटांवर माझ्या बायकोचं जेवण अवलंबून आहे.

मी क्लिफर्ड ओल्डरॉइड. वय शहात्तर. एकतीस वर्षं याच खोऱ्यात बस चालवली आणि एकदाही वेळेच्या आधी थांबा सोडला नाही, नंतरही सोडला नाही. आरशात कुणी पळत येताना दिसलं तरी वेळ झाली की मी निघायचो. लोक शिव्या द्यायचे. देऊ देत. आता त्या बसही बंद झाल्या आणि डोळ्यांमुळे माझं गाडी चालवणंही. मी राहतो नेदरगिलला. माझी बायको मेविस चार वर्षांपूर्वी अर्धांगवायूने आडवी झाली, तेव्हापासून ती एल्डरबीच्या शुश्रूषागृहात आहे. एल्डरबी आमच्या घरापासून कावळा सरळ उडाला तर सात मैल. मला मात्र आधी खालची गाडी, मग वरची.

तिथल्या मुली चांगल्या आहेत. पण मेविस त्यांच्या हातून खात नाही. चमचा पुढे केला की ओठ गच्च मिटून घेते. शब्द तिचे निम्म्याहून जास्त गेले, हट्ट मात्र सगळा शिल्लक आहे. माझ्या हातून खाते. जेवण बाराला येतं आणि एकला ताटं उचलतात. दहा बावन्न चुकली तर पुढची गाडी बारा बावन्नला, म्हणजे मी पोचतो तेव्हा ताट धुऊन पालथं घातलेलं असतं आणि मेविस उपाशी. मार्चमध्ये डॉक्टर म्हणाले, वजन असंच उतरत राहिलं तर पोटात नळी घालावी लागेल. मेविसने ते ऐकलं. तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. उजवा आता रडत नाही.

गाडी चुकू नये म्हणून मी रेल्वेला पहिल्यापासूनच पत्रं लिहीत होतो. अडचण अशी की त्यांच्या पुस्तकात या दोन स्टेशनांमधलं चालण्याचं अंतर पंधरा मिनिटांचं लिहिलेलं आहे. कालव्यावर पूल नव्हता, तेव्हाचं ते माप. पूल होऊन वीस वर्षं झाली, तरी पुस्तकात पंधराच. अकरा मिनिटांत पंधरा मिनिटांचं अंतर कापता येत नाही, म्हणून या दोन गाड्यांची जोड त्यांच्या लेखी जोडच नाही. तेच माप दहाच्या आत आणलं, तर दहा बावन्नला खालच्या गाडीसाठी पाच मिनिटं थांबावंच लागतं, असा नियम आहे. मी लिहिलं, चार मिनिटं लागतात. मी रोज चालतो, मला ठाऊक आहे. तीन वर्षं लिहिलं. उत्तर यायचं की आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे. नोंदी घेऊन घेऊन त्यांचे हात कसे दुखले नाहीत कोण जाणे.

वरच्या स्टेशनावर फलाटाचं फाटक सांभाळायला नॉरिस स्टॅन्सफील्ड असतो. आम्ही एका वर्गात होतो आणि तेव्हाही माझं त्याच्याशी पटलं नाही. गाडी सुटायच्या दोन मिनिटं आधी फाटक लावायचं, हा त्याचा धर्म. एप्रिलमध्ये एकदा मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर असताना त्याने ते माझ्या तोंडावर लावलं.

"नॉरिस! उघड! गाडी अजून उभी आहे!"

"शिट्टी झाली क्लिफ. नियम आहे."

"माझी बायको उपाशी राहील रे गाढवा!"

"तू कधी कुणासाठी बस थांबवलीस?" तो म्हणाला. "माझी आई दोनदा पावसात भिजली तुझ्यापायी."

ते खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला. घरी येऊन मी पत्र लिहिलं. या वेळी अंतराचं नाही, नॉरिसचं. हा माणूस फाटक मनाला येईल तेव्हा लावतो, याच्या घड्याळावर भरवसा नाही, असं चांगलं दोन पानं. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आठवड्याच्या आत उत्तर दिलं. आभार मानले होते, आणि खाली लिहिलं होतं की चालण्याचं अंतर मोजायला मंगळवारी माणूस पाठवत आहोत.

माणूस म्हणजे एक मुलगी निघाली. मिस हॅलिवेल, वेळापत्रकाच्या कचेरीतली, तिशीची, पायात सपाट बूट, गळ्यात घड्याळ. मी कोट घालून, दाढी करून खालच्या फलाटावर हजर होतो.

"आधी मी एकटी चालून बघते, मिस्टर ओल्डरॉइड," ती म्हणाली आणि निघाली. रस्ता ओलांडायचा दिवा, कालव्यावरचा पूल, मग बेचाळीस पायऱ्यांचा जिना. मी खालून बघत होतो. वर पोचून तिने हात हलवला आणि परत आली.

"चार मिनिटं, दहा सेकंद."

टोपी हवेत उडवायची तेवढी बाकी राहिली. "बघा! तीन वर्षं घसा फोडून सांगतोय!"

"हो, पण अजून एक मोजणी आहे," ती कागद चाळत म्हणाली. "नियमाप्रमाणे जो प्रवासी ही जोड नेहमी वापरतो, त्याच्या चालीनेही मोजावं लागतं. दोन्हींतलं जे जास्त, ते पुस्तकात जातं. नेहमीचे असे तुम्ही एकटेच आहात."

"मग चला की! घोडामैदान जवळच आहे."

मी निघालो. झपाझप निघालो, असं माझं मत. दिव्याचं बटण दाबलं, तो हिरवा व्हायची वाट पाहिली. पुलावर जरा थांबून तिला कालव्यातले बगळे दाखवले, पाहुण्याला दाखवायचे असतात. जिन्याच्या मध्यावर कठडा धरून पूर्वी इथे कापसाची गिरणी होती ते सांगितलं. मग आणखी बारा पायऱ्यांवर पुन्हा थांबलो. तेव्हा सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं, नुसताच थांबलो. वर पोचलो तेव्हा नॉरिस फाटकाशी उभा होता आणि माझ्याकडे बघत नव्हता.

"किती?" मी विचारलं.

मिस हॅलिवेलने घड्याळ माझ्यासमोर धरलं. बारा मिनिटं, चाळीस सेकंद.

"बिघडलंय हे."

"मघाशी चांगलं होतं."

"तुम्ही बोलण्यात वेळ घालवलात माझा! पुन्हा मोजा."

"मिस्टर ओल्डरॉइड, तुम्ही जरा बसा ना."

"मला बसायचं नाही! पुन्हा मोजा म्हणतोय ना!"

पुन्हा मोजलं. या वेळी मी तोंड उघडलं नाही, बगळ्यांकडे पाहिलंही नाही. चौदा मिनिटं झाली. वर आल्यावर मी फाटकाला धरून उभा राहिलो आणि माझ्या छातीतून भात्यासारखा आवाज येत होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हेच. त्यांच्या पुस्तकातलं पंधरा खोटं ठरवायला निघालो होतो आणि माझ्याच पायांनी ते खरं ठरवून दाखवलं.

"हे शक्य नाही," मी नॉरिसला म्हणालो. त्या मुलीच्या हातात घड्याळ होतं म्हणून त्याला म्हणालो. "खालची वेळेवर आली की मला ही गाडी मिळते. गेल्याच आठवड्यात चारदा मिळाली. अकरा मिनिटांत. मग आज बारा कशी होतील? चौदा कशी होतील?"

नॉरिसने टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली.

"नाताळापासून मी फाटक उशिरा लावतोय क्लिफ," तो म्हणाला. "तू पुलावर दिसलास की थांबतो. गार्डला खूण करतो, तो बुटाची नाडी बांधत बसतो. दोन मिनिटं, कधी तीन. खिडकीतून रोज बघतोय मी तुला. आधी पुलावर थांबायचास, मग पुलावर आणि जिन्यावर. पण खालचीच उशिरा आली तर मी किती ताणू? त्या दिवशी माझा साहेब गाडीत होता."

"मग बोलला का नाहीस?"

"तुला? तुझ्या पायात जोर राहिला नाही म्हणून तुला सांगू? शाळेत एवढ्यावरून दात पाडले होतेस माझे."

मला हसू आलं नाही. मी म्हणालो, "बरं, मग चाललंय तसं चालू दे. मापाचं गेलं खड्ड्यात."

मिस हॅलिवेलने कागदांत डोकं घातलं. मग तिनेच सांगितलं, "सोमवारपासून हे फाटक आपोआप बंद होणार आहे. बरोबर दोन मिनिटं आधी. एका प्रवाशाची तक्रार आली होती, की इथलं फाटक मनाला येईल तेव्हा लागतं."

तिने प्रवाशाचं नाव घेतलं नाही. नॉरिसनेही घेतलं नाही, पण त्याला ठाऊक होतं. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला शहात्तराव्या वर्षी कळलं. ज्या माणसाच्या उपकारावर माझी बायको चार महिने जेवत होती, त्याच्याविरुद्ध मी दोन पानं लिहिली होती, आणि शुद्धलेखन तपासून लिहिली होती.

मी फलाटावरच्या बाकावर बसलो. पोटात जाणाऱ्या एका नळीशिवाय मला दुसरं काही दिसत नव्हतं.

"एक मार्ग आहे," मिस हॅलिवेल जवळ बसत म्हणाली. पिशवीतून तिने एक हिरवा अर्ज काढला. "ज्या प्रवाशाला मदत लागते, त्याच्यासाठी वरची गाडी थांबवतात. मग अंतर किती का असेना. खालून वर आणायची जबाबदारी रेल्वेची."

"म्हणजे कुणीतरी हात धरून आणणार मला?"

"जिन्यावरून आणायला परवानगी नाही. चाकाच्या खुर्चीतून, मागच्या रस्त्याने."

"मी चालू शकतो."

"हो."

"आत्ता दोनदा चाललो तुमच्यासमोर!"

"हो, मिस्टर ओल्डरॉइड. मी मोजलंय."

अर्जात एक ओळ होती: मी मदतीशिवाय हे अंतर वेळेत चालू शकत नाही. त्याखाली सही. आयुष्यात मी बऱ्याच खोट्या गोष्टींवर सही केली असेल, पण एवढी खरी गोष्ट लिहायला हात कधी इतका जड झाला नव्हता. मला त्या मुलीचा राग आला, तिच्या सपाट बुटांचा राग आला, ज्या दोन कंपन्यांना एका फलाटावर नांदता आलं नाही त्यांचा तर आलाच. आणि सगळ्यांत जास्त माझ्या गुडघ्यांचा. मी म्हणालो, "पेन कुठाय तुमचं?"

सोमवारी दहा एक्केचाळीसची गाडी सात मिनिटं उशिरा आली. खालच्या फलाटावर नॉरिस खुर्ची घेऊन उभा होता.

"वरचं फाटक कोण बघतंय?" मी विचारलं.

"यंत्र. मी आता रिकामाच. पाय वर घे, चाकात जातील."

"नॉरिस, ते पत्र..."

"पाय वर घे म्हणतोय ना."

मागचा रस्ता बाजारातून जातो. मी टोपी भुवयांपर्यंत ओढली, तरी लोक ओळखायचे ते ओळखत होते. एकतीस वर्षं माझ्या बसमध्ये बसलेली माणसं ती. एका बाईने, जिला मी नक्कीच कधीतरी थांब्यावर सोडून गेलो असेन, अगदी प्रेमाने विचारलं, "बरे आहात ना ओल्डरॉइड?" मला पुन्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. नॉरिस धापा टाकत ढकलत होता, तोही शहात्तरचाच. मध्ये एकदा म्हणाला, "खातोस काय रे तू?" दहा बावन्नची वेळ होऊन गेली होती. गाडी फलाटावर उभी होती, दार उघडं, गार्ड खुर्ची चढवायला फळी लावून तयार. खिडक्यांतून तीस-चाळीस चेहरे माझ्याकडे बघत होते, की याच्यासाठी थांबवलं होय आपल्याला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाराला दहा कमी असताना मी मेविससमोर बसलो होतो. खिमा, कुस्करलेला बटाटा आणि कस्टर्ड आलं. मी तिला खुर्चीचं काही सांगितलं नाही, सांगणारही नव्हतो. चमचा भरला आणि पुढे केला. तिने तोंड उघडलं नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली, आणि मला वाटलं, आता माझ्याही हातून खायचं सोडलं हिने.

मग तिने एकेक शब्द शोधून काढला.

"आज... धाप... नाही."

"म्हणजे?"

"रोज..." तिने डावा हात स्वतःच्या छातीवर ठेवला आणि वर-खाली केला. माझ्यासारखा. अगदी माझ्यासारखा. "भीती... वाटायची."

जिन्यावर लागलेली धाप गाडीतही पुरती बसायची नाही, म्हणून दारात पाच मिनिटं उभा राहून, श्वास जागेवर आणून, तोंडावर हसू चढवून मी आत जायचो. मला वाटायचं तिला काही कळत नाही. ती रोज मला खाता खाता मोजत होती, आणि बोलायला तिच्याकडे शब्द नव्हते.

"आता नाही पळणार," मी म्हणालो. "गाडी थांबते आता."

चमचा माझ्या हातात तसाच तिरका राहिला आणि खिमा चादरीवर सांडला. तेव्हा मेविसने डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि चमचा आपल्या तोंडाकडे नेला. त्या दिवशी ताट संपायला पाऊण तास लागला.