चुळीचं पाणी

मित्रांनो, मला बघून तोंड मिटू नका. मी दात उपटायचा जुना लोखंडी चिमटा आहे, आणि आपल्यात जास्त भित्रा मीच आहे.

निजामाच्या राज्यात वाशीतल्या एका लोहारानं मला घडवलं. गावच्या न्हाव्यानं, बंडप्पांनी, मला करून घेतलं होतं. बाजाराच्या दिवशी ते लिंबाखाली पोतं अंथरून बसत. आधी हजामती, मग दात. त्यांची बायको गजराबाई चूळ भरायला पाण्याचा तांब्या पुढे करी आणि रडणाऱ्याला दटावी, "अवं, येवढ्या मिशा ठिवल्यात, त्यांची तरी लाज राखा!" दाढ निघाली की लोक माझं कौतुक करत. तेव्हा मी चकचकीत होतो, आणि जरा चढेलही.

मग एकदा ईरण्णा नावाचा शेतकरी आला. दिसायला धट्टाकट्टा, पण दाढा गदगदा हलत होत्या. चुळीला दिलेलं पाणी त्यानं घटाघट पिऊन टाकलं. सगळे हसले. दाढ इतकी अलगद आली की मला वाटलं, मी किती हुशार!

महिन्याभरानं त्याची बायको आली. भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

"जखम भरलीच न्हाय," ती म्हणाली. "जबडा सडला. गेले त्यातच. लई पाणी प्यायचे. मोरीला मुंग्या लागायच्या. डाक्टर मागनं म्हणला, लघवीत साखर व्हती. आधी कळलं असतं तर... तुमास्नी ठाव असावं म्हणून सांगाय आले."

त्या दिवशी बंडप्पांनी मला राखेनं तीनदा घासलं. डाग नव्हताच, तरी घासत राहिले. तेव्हापासून कुणी तोंड उघडलं की मला धडकी भरे. मला दात दिसतो, मित्रांनो. त्याच्यामागं अख्खा माणूस असतो, तो कुठं दिसतो?

वर्षभरानं गुळाचे अडते कल्याणप्पा आले. गाल टम्म सुजलेला.

"बंडप्पा, काढ ही ब्याद. चार दिस झाले, डोळा लागला न्हाय."

त्यांनी तोंड उघडलं. हिरड्या लालभडक, जीभ कोरडी ठाक, आणि वास पिकून उतरलेल्या फळासारखा. तोच वास! ईरण्णाच्या तोंडाचा. मी गारठलो. पण चिमट्याला कुठं ओरडता येतं?

"आधी चूळ भरा, अप्पा," गजराबाईनं तांब्या दिला. कल्याणप्पांनी तो उभाच्या उभा रिता केला, पोटात. "आणखी एक दे गं."

बंडप्पांनी त्या रित्या तांब्याकडे पाहिलं. तरी त्यांनी मला दाढेवर बसवलं. एवढ्या मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? माझी पकड आवळत आली.

"अवं, थांबा!" गजराबाईनं त्यांचं मनगटच धरलं. "अप्पा, राग मानू नका. तुमच्या घरी मुंग्या लागतात का?"

कल्याणप्पांना दुखत असूनही हसू आलं. "बाई, गुळाची अडत हाय माझी! मुंग्या सोयऱ्यावानी मागं हिंडत्यात. धोतरावर बी चढत्यात."

"दुकानातल्या न्हाय विचारत. मोरीतल्या."

"मोरीत बी असत्यात की."

"मोरीत गूळ कोण ठिवतं, अप्पा?"

हसू विरलं. मग अप्पा चिडले. "दाढ काढाय आलोय का पंचनाम्याला? वढ रं!"

बंडप्पांनी मला पोत्यावर ठेवलं. "आज न्हाय वढत. आधी मोठ्या डाक्टरला दावा."

"भिलास व्हय?"

"व्हय अप्पा. लई भिलो."

अप्पा पाय आपटत गेले. पण गेले ते घरी नाही. बैलगाडीनं येडशीला, तिथून रेल्वेनं बार्शीच्या डॉक्टरकडे. पुढचे तीन बाजार त्यांची काहीच खबर नव्हती. मी पोत्यावर पडून कुढत होतो. दाढ काढली नाही म्हणूनच काही बरंवाईट झालं असेल तर?

चौथ्या बाजाराला ते आले. वाळले होते, पण सूज उतरलेली.

"साखर निघाली," ते पोत्यावर टेकत म्हणाले. "सुया टोचून आधी ती उतरवली, मग दाढ काढली. जखम भरली. आता गूळ नुसता तोलायचा, जिभेला न्हाय लावायचा." मग हळूच म्हणाले, "त्या दिशी वढली असती तर..." त्यांनी तांब्या मागितला, मोठा घोट घेतला, गाल फुगवून खुळखुळवला आणि रस्त्यावर पिचकारी मारली. "बघ गजराबाई, थुकलं!"

"दिसलं की. येवढ्या लांब कशाला?" ती पदरानं डोळे पुसत म्हणाली.

आता मी गंजलो आहे. त्या दिवसानंतर बंडप्पा प्रत्येकाला आधी पाणी, मोरी, चालू औषधं विचारत, लोक वैतागत, आणि मी मात्र सुटकेचा श्वास टाकी. म्हणून मित्रांनो, दातासाठी कुणापुढं तोंड उघडाल, तेव्हा बाकीच्या अंगाचं दुखणंही बोला, कोणत्या गोळ्या घेता तेही सांगा. लाज वाटली, तरी मोरीतल्या मुंग्यासुद्धा सांगा. माझ्यासारख्याला त्या दिसत नाहीत.