जटेवरचं खोबरेल

थंडीत गोठलेलं खोबरेल तळव्यावर विरघळताना आवाज करत नाही, असं सगळ्यांना वाटतं. गोजरअक्काच्या तळव्यांवर ते करायचं. निळ्या बाटलीच्या तोंडातून काडीने उकरून काढलेला पांढराशुभ्र खडा ती दोन हातांत धरायची, आणि वर्षानुवर्षं कापूस वेचून भेगाळलेल्या त्या तळव्यांमधून आधी वाळल्या पानांवरून सरडा जावा तशी खरखर उठायची. मग ती मंद व्हायची, ओलसर व्हायची आणि विरून जायची. जिथे आवाज संपायचा तिथून वास सुरू व्हायचा. पाठीवर पौषाचं उबदार ऊन असायचं, समोर सातपुड्याची निळी रेघ असायची, आणि माझी मान आपोआप आखडायची. कारण त्या वासामागोमाग तिची बोटं माझ्या मानेवरच्या जटेला लागणार असायची.

आमचं गाव चोपड्याच्या बाजूचं. मी तेव्हा सातवीत होते. दिवाळी झाली आणि मला मुदतीचा ताप आला. महिनाभर मी खाटेवर होते. अंगात ताप असताना डोक्याला पाणी लावायचं नाही, फणी फिरवायची नाही, असा आमच्याकडचा नेम. तो मायने निष्ठेने पाळला. माझे केस कमरेखाली जायचे. घामाने भिजत, उशीवर घासत, ते आपापसांत काय करत होते याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ताप उतरला, माय फणी घेऊन पाठीशी बसली, आणि मानेवरचे केस बाजूला करताच तिने विस्तवाला लागावा तसा हात मागे घेतला. तिथे मनगटाएवढी जाड, दोरखंडासारखी पिळलेली जट लोंबत होती.

त्या सकाळी माय रडली नाही. घरात गेली, हळदकुंकू घेऊन आली, आणि ज्या हाताने रोज माझी वेणी घालायची त्याच हाताने तिने ते जटेला वाहिलं. मी तिची लेक होते; एका सकाळीत तिचं देऊळ झाले. त्यानंतर ती माझ्याशी बोलताना आवाज खाली घेऊ लागली, आणि आईचा आवाज असा खाली गेलेला ऐकण्याइतकं भयंकर मी पुढे आयुष्यात काही ऐकलं नाही.

शाळेत पोरी ओरडायच्या, "देवी ऊनी वं, देवी ऊनी! पाय पडा!" निम्म्या हसायच्या. निम्म्या खरोखर वाकायच्या. मला हसणाऱ्यांपेक्षा वाकणाऱ्यांची भीती जास्त वाटायची. मग शाळा बंद झाली. माझ्या वडिलांनी, नानांनी, ठरवलं की चैत्री पुनवेला मला डोंगरावरच्या देवीला न्यायचं, हिरवं लुगडं नेसवायचं आणि हातात परडी द्यायची. ती वेताची परडी घेऊन मंगळवारी, शुक्रवारी दारोदार जोगवा मागत फिरायचं. लग्न नाही, शाळा नाही, केस विंचरणं नाही, मरेपर्यंत. अशी एक बाई आमच्या आळीत यायची. जटेच्या भाराने तिची मान एका खांद्यावर कलली होती, आणि ती माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवायची. मी तो कधी खाल्ला नाही. चैत्र येईपर्यंत मी रोज आरशात माझी मान सरळ आहे ना हे पाहत होते.

गोजरअक्का समोरच्या घरात एकटी राहायची. मुलगे सुरतेला, नवरा केव्हाच गेलेला. उंच, वाळलेली, शेवग्याच्या शेंगेसारखी बाई. बोलायची कमी, आणि जे बोलायची ते दुसरीकडे बघून. कापसाची शेवटची वेचणी झाली त्या आठवड्यात ती आमच्या ओट्यावर आली आणि चुलीच्या दिशेला बघत मायला म्हणाली, "सुमन, पोरना केस दखाड माले."

"हात नको लावू अक्का. देवीनी शे ती."

"देवीनी असी तं देवी सांगी. तापमा केस गुतनात. माले तं इतलंच दखास."

"आन काही व्हयनं तं? पोरले, पोरना बापले?"

अक्काने कानाच्या पाळीला हात लावला. ती घाबरली होती. मग म्हणाली, "तं देवी इचारी तव्हय मनं नाव सांगजो. गोजर म्हनीसन. घरबी दखाडी देजो, समोरनंच शे."

मायने एक अट घातली: कात्री लावायची नाही. जट कापली तर घर बुडतं. पण जट आपली आपण उकलली, तर देवीनेच सोडली असं म्हणता येतं. नाना म्हणाले, "पुनवेपर्यंत बघा. मोकळी झाली तर तिची मर्जी. नाही झाली तर मला कुणी अडवायचं नाही." अक्काने तेलाच्या बाटलीवर हात ठेवून सांगितलं, "कात्री लावाव नही."

ती हे का करते आहे, असं मी तिला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "येचनी सरनी. हात रिकामाच शेतस." याहून मोठं कारण तिने मला कधी दिलं नाही, आणि आजवर शोधूनही मला ते सापडलेलं नाही.

रोज दुपार कलायच्या आत ती यायची. आधी ओट्याच्या कोनाड्यात दिवा लावायची, डोळे मिटून काही पुटपुटायची, आणि मग तेल. पहिल्या दिवशी तिने सबंध जट तेलात मुरवून जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून ठेवली. दुसऱ्या दिवशी अगदी खालच्या टोकापासून आरंभ केला. वरून ओढलं की गाठ आवळते, खालून गेलं की ती ऐकते, असं ती म्हणायची. बोंडाच्या काट्यांत बोट घालून, रक्त न काढता, सरकी न तोडता कापूस बाहेर घेणारी ती बोटं केसाकेसापाशी थांबायची, चाचपायची, तेलाचा थेंब आत सोडायची आणि वाट बघायची. जिथे बोट शिरत नसे तिथे गोधडीच्या दाभणाचं बोथट टोक. कधी एका दुपारीत दोन बोटं जट सुटायची, कधी काहीच नाही.

लोक म्हणतील, काय धीट बाई! ती धीट नव्हती. हे मला जितकं ठाऊक आहे तितकं कुणालाच नसेल, कारण तिच्या हातांचा कंप केसांवाटे माझ्या टाळूत उतरत असे. दिवा फडफडला की तिची बोटं थिजायची. कावळा ओरडला की ती कानाच्या पाळीला हात लावायची, मग पुन्हा सुरू. मी खाली मान घालून तिच्या श्वासाची लांबी मोजत बसायचे. आम्ही दोघी एकाच भयाच्या दोन टोकांना धरून बसलेल्या होतो.

गावात वाईट काहीही झालं की ते आमच्या ओट्यावर येऊन उभं राहायचं. कुणाची गाय गाभडली. नानांचं बोट विहिरीवरच्या मोटारीच्या पट्ट्यात चेमटलं. त्या दिवशी माय दारात उभी राहून एकटक अक्काच्या हातांकडे बघत होती. दुसऱ्या दिवशी अक्का आली नाही. तो दिवस मी कसा काढला ते माझं मला माहीत. तिसऱ्या दिवशी ती आली, दिवा लावला, नेहमीपेक्षा जास्त वेळ पुटपुटली, आणि बाटलीत काडी घातली.

शेजारची सिंधूवहिनी मात्र येता-जाता टोमणा मारायची. "तेल लायीसन देवी सुटस का वं अक्का? मंग मना नवरालेबी थोडं लायी दे, तो बी सोडस नही!" अक्का न हसता म्हणाली, "तुना नवराले ह्या बाटलीमा व्हवाव नही. तेलना घानाच लागी." त्या सबंध हिवाळ्यात मी एवढंच एकदा हसले.

आमच्या मुलखात केळी आहे, कापूस आहे. नारळ बाजारातून येतो, तो देवापुढे फोडायला. ज्या फळाने देवीची ओटी भरायची, त्याच फळाच्या तेलाने अक्का देवीकडून मला मागून घेत होती. आणि त्या तेलानेच मला महिने कळत गेले. पौषात ते दगड होतं, माघात साजूक तुपासारखं रवाळ झालं, फाल्गुनात निवळून पाण्यासारखं बाटलीत हलू लागलं. तेल जसजसं पातळ होत गेलं तसतशी पुनव जवळ येत गेली. केस कमरेपासून पाठीपर्यंत मोकळे झाले, मग खांद्यापर्यंत. शेवटी मानेपाशी, कवटीला चिकटून, सुपारीएवढी एक गाठ उरली.

ती गाठ उकलेना. आठ दिवस उकलेना. पुनवेला दोन दिवस उरले होते. घरात खुंटीवर नवी परडी टांगली होती, तिच्या वेताचा ओला वास यायचा. त्या दुपारी माय हिरवं लुगडं आणायला चोपड्याला गेली होती. ओट्यावर आम्ही दोघीच. अक्काने तेल घातलं, दाभण घातलं, पुन्हा तेल. मग तिचे हात थांबले. मला तिचा श्वास मानेवर लागत होता. तो आत गेला आणि बराच वेळ बाहेर आलाच नाही. मानेला काही गार लागलं.

कच्.

एवढाच आवाज. मी मागे वळले नाही. सातपुड्याची रेघ होती तिथेच होती. एक चिमणी ओट्यावरचे तांदळाचे कण टिपत होती, ती उडालीसुद्धा नाही. जग पडायला किती वेळ लागतो, हे पाहत मी तशीच बसून राहिले.

मग अक्का माझ्यासमोर येऊन बसली. इतक्या आठवड्यांत तिचं तोंड मी इतक्या जवळून प्रथमच पाहत होते. ओठ पांढरे पडले होते, कपाळावर घाम. पदराच्या टोकात तिने काहीतरी बांधून घेतलं होतं.

"उकलनी," ती म्हणाली. "काय सांगशी?"

"उकलनी," मी म्हणाले.

"कोनी उकली?"

माझ्या तोंडून निघालं, "देवीनी."

"हां," अक्का म्हणाली, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघितलं.

संध्याकाळी मायने टाळूपासून कमरेपर्यंत फणी ओढली. ती कुठेही अडली नाही. माय हमसून हमसून रडली आणि अक्काच्या पाया पडायला वाकली. अक्काने चटका बसावा तसे पाय ओढून घेतले. नानांनी शब्द पाळला. पुनवेला आम्ही डोंगरावर गेलो, नारळ फोडला, आणि मी घरी परत आले. माणूस जत्रेहून घरी परत येतं यात सांगण्यासारखं काय, असं वाटेल. मला ते अजून नवल वाटतं.

शाळेत मी परत गेले नाही. वर्गातल्या पोरी आठवीत गेल्या, मी कापूस वेचायला गेले, अक्काच्या शेजारच्या ओळीला. त्या दुपारीबद्दल आम्ही कधीच बोललो नाही. फक्त केळीवर गारा पडल्या, नानांची फटफटी घसरली, कुणाचं मूल आजारी पडलं, की पांढऱ्या कापसावरून ती माझ्याकडे बघायची आणि मी तिच्याकडे. मग दोघीही खाली वाकून वेचू लागायचो.

लग्नानंतर मी इकडे कोकणात आले. नवरा आणि मी काजूच्या कारखान्यात आहोत. इथे दाराशी नारळाची झाडं आहेत, तेलाला तोटा नाही, हिवाळ्यातसुद्धा ते कधी गोठत नाही. केसांची काळजी मी नीट घेते. रोज तेल, रोज फणी, तापातसुद्धा. पण फणी केसात कुठे अडली की माझा हात आधी मानेकडे जातो. दोन वर्षांमागे मायचा फोन आला, "अक्काना उजवा हात गया वं. लकवा." गावात कुणी काही बोललं नाही, बोलण्यासारखं कुणाला माहीतच नव्हतं. कात्री कोणत्या हातात होती ते जगात दोघींनाच ठाऊक होतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, माहेरी गेले तेव्हा तिच्याकडे गेले. ती खाटेवर होती. तिने डाव्या हाताने उजवा उचलला आणि एखादी वस्तू ठेवावी तसा माझ्या डोक्यावर ठेवला. मी काहीच विचारलं नव्हतं. वाकड्या झालेल्या ओठांतून ती म्हणाली, "वात शे वं तो. वात. दुसरं काही नही."

मी मान हलवली.

"फनी फिरस ना?"

"फिरस, अक्का."

"मंग बस."

गेल्या माघात ती गेली. मला पोचता आलं नाही. मायला अजून वाटतं की देवीने माझी जट उकलली, आणि माय वाचत नाही म्हणूनच मी हे लिहू धजले. इतकी वर्षं मला वाटायचं, ते भय आम्ही दोघींनी अर्धंअर्धं वाटून घेतलं होतं. ती गेल्यावर उमगलं की माझ्या वाट्याला फार थोडं आलं होतं; बहुतेक सारं तिने आपल्यापाशी ठेवलं होतं. काळ माणसाला घेऊन जातो, आणि त्या माणसाने आपल्यासाठी इतके दिवस उचलून धरलेलं ओझं जाता जाता आपल्या ओटीत टाकून जातो; मी ते झटकून टाकत नाही, कारण तिच्याजवळचं म्हणावं असं आता माझ्यापाशी तेवढंच आहे.