माइक धराले कोणीतरी या!

घरातलं धान विकलं गेलं आणि टीनाच्या खोलीचा आवाज बिघडला.

ऐकणाऱ्याला हे खोटं वाटेल, पण झालं तसंच. टीना लहान मुलांच्या गोष्टी आवाजात भरून द्यायची. नागपूरच्या एका संस्थेला शाळेतल्या पोरांसाठी इकडच्या झाडीबोलीतल्या गोष्टी हव्या होत्या, आणि वाघापासून वाळवीपर्यंत सगळ्यांचे आवाज काढणारी ही पोरगी त्यांना अड्याळ गावात सापडली. तिचा स्टुडिओ म्हणजे घराच्या मागची धान ठेवायची खोली. या भिंतीला पोती, त्या भिंतीला पोती, मध्ये चटईपुरती जागा, आणि तिथे बुटक्या स्टँडवर माइक. पोत्यांनी खोलीतला घुमारा असा गिळून टाकला होता की संस्थेतल्या बाईंनी एकदा कौतुकानं विचारलं होतं, "कोणत्या स्टुडिओत जाता हो तुम्ही?"

मग पोती खरेदी केंद्रावर गेली. खोली मोकळी झाली, वर पत्र्याचं छप्पर. टीनाने पुढची गोष्ट, बेडकी आणि बगळ्याची, नेहमीच्याच उत्साहात भरली आणि पाठवली, ती तशीच परत आली. "विहिरीत उतरून बोलल्यासारखं वाटतंय. रविवारी दुपारी बारापर्यंत नवीन द्या, सोमवारी शाळांना पाठवायचंय."

आणि त्याच रविवारी सानगडीचे पाहुणे टीनाला पाहायला येणार होते. पण ते संध्याकाळी चारला. तोवर आपली बेडकी पाठवून, अंघोळ करून, साडी नेसून, शहाण्या मुलीसारखं बसता येईल, असा टीनाचा हिशोब होता.

सकाळीच तिने खोलीत दोर बांधले आणि घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या गोधड्या त्यांवर टाकून तंबू केला. आता प्रश्न माइकचा. स्टँडवर समोर ठेवला तर 'प' आणि 'फ' म्हणताना हवेचा फटका बसून फाट् फाट् व्हायचं. लांब सरकवला तर छप्पर बोलायला लागायचं आणि शेजारच्या शेळीलाही गोष्टीत जागा मिळायची. शेवटी तिला जागा सापडली. कपाळाच्या जरा वर, एका बाजूला, तोंडापासून वीतभर, आणि माइकचं तोंड खाली वळवलेलं. आवाज एकदम गुबगुबीत. पण माइक तिथे अधांतरी राहणार कसा? तिने छपराच्या लाकडी बल्लीला लांब हाताचा चिमटा बसवला, त्याला माइक लटकवला आणि दोन पावलं मागे होऊन समाधानाने पाहिलं. तेवढ्यात प्लास्टिकचा चिमटा टक्कन मोडला. माइक तिने झेलला, पण कसा झेलला ते तिलाच कळलं नाही.

"बाबा! माइक धराले या ना!"

केवळराम हे एसटीचे निवृत्त कंडक्टर. ते आले, गोधडीबाहेर स्टुलावर चढले, वरून हात आत घातला आणि सभेतला माइक तपासावा तसं त्याच्या टाळक्यात फुंकून म्हणाले, "हॅलो, हॅलो."

"बाबा, हा वरून नाही ऐकत. बाजूनं ऐकते. असा धरा. आणि हालू नोका."

"नाही हालत. तू बोल."

टीनाने हेडफोन चढवले, डोळे मिटले आणि बेडकी झाली. बोडीतली, म्हणजे शेततळ्यातली, म्हातारी, खाष्ट बेडकी. बगळ्यावर तुटून पडणारी. पहिली शिवी बाहेर पडली मात्र, केवळरामांचं पोट हलायला लागलं. पोट हललं की हात हलायचा, हात हलला की बेडकी कधी कानात तर कधी पार वेशीबाहेर.

"बाबा!"

"अवो, पण तू तं डिट्टो तुया आजीवानी बोलून राहिली," डोळे पुसत ते म्हणाले.

असं दोनदा झालं, तीनदा झालं. घड्याळ साडेअकराकडे निघालं. आणि नेमके तेव्हाच सानगडीचे पाहुणे दारात उभे राहिले. वाटेत एका ओळखीच्या घरी जायचं होतं, त्या घराला कुलूप होतं. आता चार वाजेपर्यंत रस्त्यावर कुठे बसणार, म्हणून ते सरळ इकडेच आले.

टीनाला यातलं काही कळलं नाही. हेडफोनमध्ये तिला फक्त स्वतःचा श्वास ऐकू येत होता. बाहेर 'जय भीम, जय भीम' झालं, टीनाच्या आईच्या, चंद्रकलाबाईंच्या, हातातला झारा कढईत पडला, केवळराम लगबगीने स्टुलावरून उतरून पुढे गेले, आणि तंबूत टीना एकटी, माइक मांडीवर घेऊन.

"कुठे गेले जी? धराले कोणीतरी या ना! बारा वाजून राहिले!" ती ओरडली.

थोडा वेळ गेला. मग गोधडीवरून एक हात आत आला. तिने पाहिलंही नाही. माइक त्या हातात दिला, मनगट धरून वर ढकललं, डावीकडे वळवलं, "बस, अथीच. आता श्वास पण हळू घ्या," असं दटावलं आणि डोळे मिटले.

"काहून रे लंबूटांग्या!" बेडकी कडाडली. "पुन्हा आला का माह्या बोडीत? लाज नाही वाटत? लाकडावानी उभा राहून पाहून काय राहिला? चाल, हट अथून!"

हात हलला नाही. आवाज नुसता लोण्यासारखा येत होता. टीनाला स्फुरण चढलं. तिने बगळ्याच्या मानेचा उद्धार केला, चोचीचा केला, त्याच्या सात पिढ्यांच्या टांगांचा केला. मध्येच हेडफोनमध्ये एक बारीक आवाज आला, कोणीतरी नाकातून हसू दाबतंय तसा. बाबांचं हसू असं नव्हतं. तिने एक डोळा उघडला.

वर इस्त्रीची निळी बाही होती. बाबा आयुष्यात खाकीशिवाय काही घालत नसत. बाहीच्या टोकाला नवं घड्याळ होतं. आणि गोधडीच्या फटीतून दिसणारे पाय स्टुलावर नव्हते, जमिनीवर होते. एवढ्या उंचीचं त्यांच्या घरात कोणी नव्हतंच.

पण गोष्टीची अडीच वाक्यं उरली होती, आणि इतका चांगला आवाज सकाळपासून पहिल्यांदा लागला होता. तिने दुसराही डोळा उघडला, त्या बाहीकडे पाहत बेडकीची शेवटची वाक्यं म्हटली, बटण दाबलं, हेडफोन काढले आणि गोधडी बाजूला केली.

"तुमी कोण जी?"

हात अजून वरच होता. कपाळावर घाम होता.

"मी... चार वाजताचा," तो म्हणाला.

टीनाच्या अंगात जुना ड्रेस, केसांना नुसता रबर, गालावर हेडफोनचा वळ. ती आधी लाजली, मग तिला बगळ्याच्या टांगा आठवल्या, आणि ती अशी हसत सुटली की गोधडीला धरून खालीच बसली. वरचा दोर सुटला. आख्खा तंबू त्या दोघांवर आला.

गोधड्यांखालून त्याचा आवाज आला, "माइक सुरक्षित हाये. खाली नाही ठेवला."

त्याचं नाव प्रितम. साकोलीच्या सरकारी दवाखान्यात रक्त तपासायच्या कामावर होता. 'धराले कोणीतरी या' ही हाक ऐकून सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहायला लागले, तेव्हा तोच उठला होता. गोधड्या उपसायला त्याची आत्या सत्यभामाबाई धावली. भाचा जिवंत आहे हे पाहून तिने टीनाकडे मोर्चा वळवला.

"पोरी, बगळ्याले तू शिव्या दिल्या ते बेस. पण बेडकी अशी डरावते का? माह्यं जिणं बोडीच्या पाळीवर गेलं." आणि तिने गळा फुगवून असं एक डराव काढलं की शेजारची शेळी गप्प झाली.

"आत्याबाई, आणखी एकदा!" टीना ओरडली. तंबू तसाच डोक्यावर धरून, प्रितमने माइक आत्याच्या कपाळापाशी नेला, वीतभर, जरा डावीकडे. कोणी सांगितलं नव्हतं. बाहेर चंद्रकलाबाई पोह्यांच्या बशीवर हात ठेवून उभ्या राहिल्या, चमचा वाजू नये म्हणून. डराव झालं. बाराला पाच मिनिटं असताना गोष्ट नागपूरला गेली.

आता रीतसर पाहण्याचा कार्यक्रम व्हायला हवा होता. पण स्वयंपाक संध्याकाळसाठी योजलेला, आणि पाहुणे दुपारच्या भुकेने बसलेले. सत्यभामाबाई पदर खोचून कांदे चिरायला बसली. कढीला दही नव्हतं.

"टीना, दुकानातून दही आण," चंद्रकलाबाई घाईत म्हणाल्या. मग जीभ चावली. पाहायला आलेल्यांसमोर मुलीला दही आणायला पाठवतात का?

"मी जातो सोबत," प्रितम म्हणाला. केवळरामांनी छताकडे पाहिलं, आत्याने कांद्याकडे.

भर दुपारी, अख्ख्या गल्लीदेखत, टीना जुन्या ड्रेसमध्ये आणि तो इस्त्रीच्या शर्टात असे निघाले. ओसरीवर बसलेल्या बायका तांदूळ निवडायचं सोडून पाहायला लागल्या. दोघांनाही हसू येत होतं, आणि एकाचं दबलं की दुसऱ्याचं सुटत होतं.

"बगळ्याचे आवाज कोण काढते?" त्याने विचारलं.

"मीच. पण बगळा कमी बोलते. शिव्या खाऊन बी उभाच राह्यते."

"बेस हाये मंग. तसाच राहू द्या त्याले."

दुकानावर जागेश्वरकाका होते. टीनाला बाळपणापासून ओळखणारे. त्यांनी चष्मा वर केला, प्रितमला खालपासून वरपर्यंत, म्हणजे बराच वेळ, पाहिलं.

"हा कोण वो टीना?"

'पाहुणा' म्हणायचं होतं. तिने 'पाहुणा' म्हणायलाच तोंड उघडलं होतं.

"माहा होणारा नवरा," ती म्हणाली.

शब्द बाहेर पडले आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. घरी अजून कोणी कोणाला काही विचारलं नव्हतं, कोणी हो म्हटलं नव्हतं, कढीसुद्धा झाली नव्हती. तिने बोटांच्या फटीतून प्रितमकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते. जागेश्वरकाकांकडे वळून तो अगदी गंभीरपणे म्हणाला, "हो जी. मले बी आताच समजलं."

काका काउंटरवर थाप मारून हसले. त्यांनी दोघांच्या हातावर एक एक पेढा ठेवला. टीना आणि प्रितम तिथून जवळजवळ पळतच सुटले, कोपरा वळेपर्यंत थांबले नाहीत, आणि कोपऱ्यावर धापा टाकत एकमेकांकडे पाहायला लागले.

"दही राह्यलं," टीना म्हणाली.