परत येऊ

रक्ताला गार पाणी. गरम लावलं की ते बसतं, मग लग्नाला आलेल्या मामेसासऱ्यासारखं, हलायचं नाव घेत नाही.

·

गादी धुवायची नसते. कापायची, जाड पिशव्यांत भरायची, जाळायला द्यायची. उशीवरून नातेवाईक भांडतात. गादी कोणाला नको असते.

·

गुलाबवाले आधी येऊन गेलेत का, हे जिन्यातच कळतं.

·

फोनवर "कोण गेलं?" विचारायचं नाही. "किती खोल्या?" विचारायचं.

·

निघताना "जातो" म्हणायचं.

·

या शेवटच्या तुकड्यापाशी थांबू.

माणूस कुठूनही निघताना "येतो" म्हणतो. चुकून "जातो" निघालंच तोंडातून, तर घरातलं कोणीतरी मोठं माणूस दटावतं, अरे, येतो म्हण. सासूबाईंनी धंद्यात हे उलटं केलं. खून झालेली घरं साफ करायला शहरात दुसरं कोणी नव्हतं, त्या काळात पोलीस त्यांना बोलवायचे आणि त्या बादली घेऊन एकट्या जायच्या. काम झालं की रिकाम्या खोलीकडे तोंड करून म्हणायच्या, "जाते." सुनेने एकदा कारण विचारलं. त्या म्हणाल्या, तसल्या घराला वचन कशाला द्यायचं? घर बिचारं खरं मानतं.

त्यांच्यामागून मुलगा या कामात आला. फिनेल हे त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे, पण आता तेच चालतं. फिनेल बोलघेवडा. आमच्याकडे गिऱ्हाईक मेल्याशिवाय येत नाही, हा विनोद तो प्रत्येक हवालदाराला ऐकवायचा आणि प्रत्येक वेळी स्वतःच आधी हसायचा. निघताना मात्र न चुकता "जातो." हसू न आणता.

सासूबाईंचे गुडघे गेल्यावर त्या फोनपाशी बसू लागल्या. धंदा सून बघू लागली, आणि बघण्यासारखं फारसं उरलं नाही, कारण गुलाबवाले आले.

त्यांच्या कंपनीचं नाव वेगळंच होतं. पण काम झाल्यावर ते घरभर गुलाबाचा फवारा मारत, म्हणून गुलाबवाले. प्रेत खाली उतरायच्या आत त्यांचा माणूस टाय लावून जिन्यात उभा. आधी खाकरून सहानुभूती, मग कार्ड. फरशी उचलून खाली काय मुरलंय ते ते बघत नसत. पण वर्षभराची हमी देत, आणि लोकांना फरशीपेक्षा हमी आवडते. त्यांच्यामागून आणखी दोन-तीन कंपन्या आल्या. सासूबाईंचा फोन मुका झाला. गाडी विकावी लागेल, असं सून एकदा भांडी लावता लावता म्हणाली, आणि फिनेलने त्या दिवशी विनोद केला नाही.

मग तिने कार्डं छापून आणली. पांढरी, निळ्या अक्षरांची. "डाग दिसला, वास आला, तर फक्त एक फोन करा. परत येऊ."

सासूबाईंनी कार्ड डोळ्यांजवळ नेऊन वाचलं. पुन्हा वाचलं.

"हे कोणाला सांगतेस गं?"

"गिऱ्हाइकाला, आई."

"गिऱ्हाईक वाचेल. त्या घरात आणखी कोणी असेल तर ते काय डोळे मिटून घेईल?"

सुनेला हसू आलं. ती म्हणाली, आई, मेलेली माणसं फोन करायला लागली तर गुलाबवाल्यांची वाटच लागेल. फिनेल हसला नाही. त्याने कार्डांचा गठ्ठा गाडीत ठेवला.

·

तिसरा मजला, कॉरिडॉरचं शेवटचं दार. एकट्या माणसाचं घर. त्याला स्वयंपाकघरात मारलं होतं. पोलिसांनी सील काढलं, घरमालकाने बोलावलं, फिनेल दोन माणसं घेऊन गेला. ओट्याखालची फरशी उचलली, खालची वाळू काढली, भिंत कमरेपर्यंत खरवडली. उत्तम काम झालं. ओट्यावर कार्ड ठेवलं आणि म्हणाला, "जातो."

तोंडाने जातो. कार्डावर येऊ.

·

फोन दुपारी आला. सासूबाईंनी घेतला. वास येतोय, जरा या, असं कोणीतरी म्हणालं. आवाज नम्र होता.

फिनेल गेला. वास नव्हता. घरमालकाने आपण फोन केलाच नाही म्हणून सांगितलं. घर रिकामं, किल्ली त्याच्याच खिशात. गुलाबवाल्यांचा चावटपणा असणार, असं सगळ्यांचं मत पडलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. पुन्हा नम्र. हमी दिली म्हणजे जायला हवं, फिनेल म्हणाला. मग रोजच. त्याने घरमालकाकडून एक किल्ली मागून घेतली. तिथे जाऊन करता काय, असं बायकोने विचारलं तेव्हा तो म्हणाला, पुसतो. काय पुसता? त्याने विचार केला. "असतं काहीतरी."

पुढच्या गोष्टी इतक्या छोट्या होत्या की सांगताना तिलाच लाज वाटायची. तो चहात साखर घेईनासा झाला. आंघोळीनंतर टॉवेल वेगळ्याच जागी टांगू लागला, जिथे खुंटी नव्हती. टॉवेल खाली पडायचा आणि तो भिंतीकडे बघत राहायचा. रात्री दिव्याचं बटण दाराच्या डावीकडे चाचपायचा. त्यांच्या घरात बटणं उजवीकडे आहेत. एकदा संध्याकाळी त्याने स्वतःच्याच दारावर टकटक केली आणि तिने उघडल्यावर विचारलं, "येऊ का?"

तिने गंमत समजून "या की, पाहुणे" म्हटलं. तो जोडे काढून खुर्चीच्या अगदी कडेवर बसला.

मग ती सकाळ. ती कणीक मळत होती, त्याने किल्ली घेतली, दारात उभा राहिला, घराकडे तोंड करून स्पष्ट म्हणाला,

"जातो."

सासूबाई आतून जवळजवळ धावत आल्या, दुखऱ्या गुडघ्यांनी. येतो म्हण रे. येतो म्हण. पण जिन्यात पावलं वाजून थांबली होती.

·

दुपारी फोन वाजला. सासूबाईंनी उचलला, ऐकला, आणि रिसीव्हर सुनेच्या कानाला लावला.

"वास येतोय," फिनेलचा आवाज म्हणाला, फार नम्रपणे. "कोणाला तरी पाठवा."

पाठवायला कोणी उरलं नव्हतं. दोन्ही माणसं केव्हाच गुलाबवाल्यांकडे गेली होती. तिने हात धुतले, पदर खोचला आणि निघाली. दारात आली तेव्हा सासूबाईंनी तिचा दंड धरला आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"येते, आई," ती म्हणाली. तेव्हा त्यांनी हात सोडला.

·

तिसरा मजला. शेवटचं दार. आतून कप ठेवल्याचा आवाज आला.

त्याने दार उघडलं. अंगात न पाहिलेला फिकट शर्ट होता, गळ्याशी किंचित सैल. घर लख्ख होतं. खिडकीला पडदा लावलेला, ओट्यावर दोन कप, आणि भिंतीवर, जिथून त्याने स्वतः गिलावा खरवडला होता तिथे, निळ्या अक्षरांचं कार्ड टाचणीने लावलेलं.

"या," तो म्हणाला. "बसा ना."

लग्नापासून तिला तो कधी अहो-जाहो बोलला नव्हता. चिडल्यावरसुद्धा नाही.

तिने, अहो, चला घरी, म्हटलं. त्याने खुर्ची पुढे ओढली. तिने आईंच्या गुडघ्यांचं सांगितलं, कणीक तशीच पडली आहे म्हणून सांगितलं, त्याचा तो हवालदारांना ऐकवायचा विनोदही करून पाहिला. तो सभ्यपणे हसला, पहिल्यांदाच ऐकल्यासारखा. मग म्हणाला, वास तुम्हाला येतोय का, इथे, ओट्याखाली?

तिला खरोखरच आला. अगदी हलका. तिने नाकावर पदर घेतला नाही.

कार्ड काढायला तिने हात पुढे केला, तेव्हा त्याचा चेहरा इतका पडला की तिने हात मागे घेतला. बराच वेळ दोघं बसली. उठायची वेळ आली तेव्हा तिला कळलं की आता तोंडातून एक शब्द काढावा लागणार. सासूबाईंच्या नियमातला काढला तर ती मोकळी, आणि तो इथलाच. दुसरा काढला तर या घराला खरं वाटेल, आणि उद्या दुपारी तिला यावं लागेल, परवाही, टॉवेलची खुंटी कुठे आहे ते कळेपर्यंत.

तो दारापर्यंत पोचवायला आला. वाट बघत उभा राहिला.

"येते," ती म्हणाली.

त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, ओळखीचं, क्षणभर. "लवकर ये गं," तो म्हणाला.

·

खून झाला त्या दिवशी दाराची कडी मोडलेली नव्हती. त्या एकट्या माणसाने दार स्वतः उघडलं होतं आणि आलेल्याला "या, बसा ना" म्हणत खुर्ची दिली होती.