चौथी जागा

पार्सल अडकल्याचा मेसेज मीच उघडला, हे मी आधीच कबूल करते. काहीही मागवलेलं नसताना आपलं पार्सल कुठे अडकलंय याची चौकशी करणारी मी काही जगातली पहिली बाई नाही. माझ्या लॅपटॉपवर दर मिनिटाला नवी खिडकी उघडायला लागली, कुठल्या कुठल्या परदेशी गाड्या मला बक्षीस लागल्या, आणि आमचे हे खुर्चीमागे उभे राहून म्हणाले, "आलं का पार्सल?" हा विनोद त्यांनी आठवडाभर पुरवला.

तेव्हा ठरलं, की घरातल्या सगळ्या कॉम्प्युटरना एकदाच नीट संरक्षण घेऊन टाकायचं.

कॉम्प्युटर तीन. ह्यांचा टेबलावरचा, माझा लॅपटॉप, आणि सासऱ्यांचा खटारा, ज्यावर ते दिवसभर पत्ते खेळतात आणि हरले की त्यालाच शिव्या देतात. चौथा येणार होता. मुलगी शिकायला बाहेरगावी निघाली होती, तिच्यासाठी नवा लॅपटॉप सांगून ठेवला होता.

मुलीला आम्ही धाकटी म्हणतो. एकुलती एक, आणि धाकटी. लहान असताना तिनं एकदा विचारलं होतं, "मी कुणाची धाकटी?" मी भांडी घासत होते, ती घासतच राहिले. सासऱ्यांनी वेळ मारून नेली. म्हणाले, "या घरात सगळ्यांत लहान कोण? तूच ना? मग धाकटी." तिला ते पटलं आणि आम्ही सुटलो. आता शाळेतल्या नावानं हाक मारली तर ती घरात वळूनसुद्धा बघत नाही.

अँटीव्हायरस निवडायला ह्यांनी वही केली. तीन आठवडे जेवताना दुसरा विषय नाही. आधी फुकट ते पौष्टिक म्हणून एक फुकटचा टाकला. तो स्वतःच इतक्या जाहिराती दाखवायला लागला, की पार्सलवाले बरे वाटले. मग एक कडक शिस्तीचा आणला. त्यानं पार्सलच्या किड्याला हात लावला नाही, पण सासऱ्यांचा पत्त्यांचा खेळ धोकादायक म्हणून कोंडून ठेवला. चोर सोडून संन्याशाला फाशी. सासरे दोन दिवस मुलाशी बोलत नव्हते.

मग व्हीपीएन. आपण कुठून बोलतोय ते जगाला कळू न देणारी ही चोरवाट. तुम्ही असता स्वयंपाकघरात आणि बाहेरच्याला वाटतं तुम्ही समुद्रापलीकडे आहात. ह्यांना तेही फुकटात हवं होतं. कॉम्प्युटरवाला म्हणाला, "साहेब, तुमचं सगळं येणंजाणं त्याच्या हातातून होणार. तो फुकट का देतोय, एवढंच स्वतःला विचारा." चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या द्यायच्या आणि वर आभार मानायचे, असला तो प्रकार. शेवटी त्यानंच एक जोडपॅक दिला. अँटीव्हायरस आणि व्हीपीएन एकत्र, चार कॉम्प्युटरसाठी.

"पण चौथा अजून आलेला नाही," मी म्हटलं.

"जागा राहील की रिकामी. आला की बसवा."

सासरे पत्त्यांतून मान वर न करता म्हणाले, "रिकामी जागा ठेवू नये. कुणीतरी येऊन बसतं." ते त्यांच्या खिडकीजवळच्या खुर्चीबद्दल बोलत होते, असं मी धरून चालले.

पॅकबरोबर एक यादी येते. कोणत्या कॉम्प्युटरला संरक्षण आहे, तो कुठे आहे, त्याची शेवटची तपासणी कधी झाली. धाकटीनं तिघांना नावं दिली: बाबा, आई, आजोबा. व्हीपीएनमुळे आम्ही तिघं तीन देशांत दिसायचो. सासऱ्यांनी सगळ्यांत लांबचा देश निवडला आणि येईल त्याला सांगितलं. चौथी ओळ अकरा दिवस कोरी होती.

धाकटी निघायच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, तिचा लॅपटॉप आला. उद्या सकाळची बस. वसतिगृहात संरक्षण असल्याशिवाय कुणाचाही कॉम्प्युटर त्यांच्या जाळ्याला जोडू देत नव्हते, तसं पत्रच आलं होतं. तिनं पुढच्या खोलीत खोका फोडला, पॅक चढवला, स्वतःचं नाव टाइप केलं. मी आत तिच्या कपड्यांच्या घड्या घालत होते.

"आई, जागा भरल्यात म्हणतोय हा."

"तीनच तर आहेत. नीट बघ."

"चार आहेत. थोरली कोण?"

मी हातातली घडी तशीच घेऊन बाहेर आले. यादी उघडी होती. बाबा, आई, आजोबा. चौथ्या ओळीत लिहिलं होतं: थोरली. ठिकाण, घर. जोडणी, ४:१२. शेवटची तपासणी, कधीच नाही. तिच्याखाली करड्या अक्षरांत: धाकटी. प्रतीक्षेत. ४:१९.

हातातली घडी मी फोडलेल्या खोक्यावरच ठेवली.

"शेजारचं कुणीतरी असेल," मी म्हटलं. "आपलं वायफाय वापरत असतील. फुकटे मेले."

तिनं वायफायचा पासवर्ड बदलला. सगळे कॉम्प्युटर तुटले आणि एकेक करून परत जोडावे लागले. थोरली तुटली नाही. वरचे तिघं समुद्रापलीकडे आणि ती एकटी आमच्या पत्त्यावर, घरी. मी कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला.

"वहिनी, बाहेरचा माणूस यादीत येऊच शकत नाही. मुख्य पासवर्ड लागतो आणि नाव हातानं टाइप करावं लागतं. घरातल्याच कुणीतरी टाकलंय."

"आणि जादा जागा हवी असेल तर?"

"ती सोमवारी. आज वरचं ऑफिस बंद झालं. पण कशाला? जी नको ती काढून टाका. एक बटण तर दाबायचंय."

हे बाजारातून आले तशी मी त्यांना मागच्या खोलीत ओढलं आणि माझ्या लॅपटॉपवर यादी दाखवली. त्यांनी चष्मा पुसला. परत वाचलं. हातातली पिशवी अजून खाली ठेवली नव्हती.

"हे काय केलंस?" ते म्हणाले.

"मी?"

"मग कुणी? मी तर अठरा वर्षांत तो शब्द तोंडातून काढला नाही."

"मीही नाही."

सासऱ्यांना पत्त्यांखेरीज काही उघडता येत नाही. आणि तो शब्द त्यांच्या कानावरही कधी आला नव्हता. तो आम्ही दोघांनी एकच दिवस वापरला होता.

आठव्या महिन्यात जुळ्या झाल्या. पहिली दुपारी चार बारा, दुसरी चार एकोणीस. आम्ही लगेच थोरली-धाकटी म्हणायला लागलो. हसत होतो. मग डॉक्टर आल्या. दोघींनाही काचेच्या पेटीत ठेवायला हवं होतं आणि पेटी एकच रिकामी होती. दुसरीकडे फोन चालू होते. "मोठीचं वजन बरं आहे, ती तग धरेल," त्या म्हणाल्या. "धाकटीला आत ठेवू. जागा एकच आहे. सही कोण करतंय?" ह्यांनी पेन माझ्याकडे सरकवलं. सही मी केली. थोरलीला दुपट्यात गुंडाळून माझ्या कुशीत दिलं. सगळे पेटीभोवती धावत होते. धाकटीला दर अर्ध्या तासाला तपासत होते, थोरलीकडे कुणी फिरकलं नाही. शांत आहे, असं मीही म्हटलं. मला डोळा लागला आणि जाग आली तेव्हा ती गार होती.

ह्यांचं म्हणणं, मी सगळ्या जगाला नावं ठेवते. खरं आहे, ठेवते. त्या एकीला तेवढं ठेवायचं राहिलं. मी रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत खिडकीवर बसते. बाटलीवर नावाची चिठ्ठी नसेल तर ती बाटली आत जात नाही, तपासणी होत नाही, फेकून देतात. पंधरा वर्षांत माझ्या हातून एकही बाटली बिननावाची गेलेली नाही. लोक माझं कौतुक करतात. मला त्याचं कारण माहीत आहे, त्यांना नाही.

"काढ ती," हे म्हणाले. "मशीनची चूक आहे. पोरीला उद्या जायचंय."

धाकटी येऊन माझ्या मागे उभी राहिली. मी थोरलीच्या ओळीवर बोट नेलं. चौकट उघडली. 'हे काढल्यास संरक्षण थांबेल. नक्की काढायचे?' खाली हो, आणि नाही.

तेच. जागा एकच, पोरी दोन, आणि सही माझी.

मला तिची भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. ज्या पोरीला मी एक दिवससुद्धा धड सांभाळलं नाही, ती अठरा वर्षांनी घरातल्या घरात कुठेतरी जागा शोधत होती, आणि तिला पुन्हा बाहेर काढायला मलाच बसवलं होतं. पण भीतीपेक्षा मोठं दुसरं काहीतरी होतं आणि त्यानं माझं बोट 'नाही'वर नेलं. मग मी दोन ओळी वर गेले. 'आई' निवडलं. नक्की काढायचे? हो.

"अगं!" हे ओरडले. "तुझ्याच मशीनला खरी गरज आहे! पार्सल विसरलीस?"

"येऊ दे पार्सल."

माझ्या पडद्यावर लाल पट्टी आली: तुमचा कॉम्प्युटर असुरक्षित आहे. यादीत धाकटीची अक्षरं करड्याची हिरवी झाली. मग मी थोरलीच्या ओळीत गेले आणि 'तपासणी करा' दाबलं. पट्टी सरकायला लागली. उरलेला वेळ: सात मिनिटं.

"आई," धाकटीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "थोरली कोण?"

ताकाला जाऊन भांडं तरी किती लपवायचं. मी सांगितलं. पाठमोरीच बसून सांगितलं, पट्टीकडे बघत. पेटीचं सांगितलं, सहीचं सांगितलं, डोळा लागल्याचंही सांगितलं, जे मी ह्यांनाही कधी सांगितलं नव्हतं. हे भिंतीला टेकून रडत होते. खांद्यावरचा हात हलला नाही.

मध्येच पुढच्या खोलीतून सासऱ्यांचा आवाज आला. "धाकटे, बाजूला हो गं. माझ्या उजेडात उभी राहू नकोस."

धाकटी तर माझ्या मागे उभी होती. तिची बोटं माझ्या खांद्यात रुतली.

"हं, आता कसं," सासरे म्हणाले. "बस, बस तिथे. हा डाव बघ."

आमच्यापैकी कुणीच बाहेर गेलं नाही. पत्ते पडल्याचा बारीक आवाज येत राहिला, आणि त्या दिवशी त्यांनी मशीनला एकही शिवी दिली नाही. पट्टी शेवटाला पोचली. 'तपासणी पूर्ण. धोका नाही.' शेवटच्या तपासणीच्या रकान्यात 'कधीच नाही' होतं, तिथे 'आज' आलं. मी पदरानं डोळे पुसले. धाकटी बराच वेळ त्या ओळीकडे बघत होती.

"सातच मिनिटांनी मोठी?" तिनं विचारलं.

"सातच."

"तरी ताईच म्हणायला हवं," ती म्हणाली, आणि बॅग भरायला आत गेली.

रविवारी सकाळी ती गेली. ह्यांनी बसपर्यंत सोडलं. मी नको म्हटलं, घरीच थांबले. घर नेहमीपेक्षा मोकळं वाटत होतं. मुलगी गेली की वाटतंच, असं मी स्वतःला सांगत होते. सासरे दोन डाव हरले आणि मशीनला मनसोक्त शिव्या दिल्या. "आज कुणी बसायला नाही," असंही म्हणाले.

जेवणं झाल्यावर मी लॅपटॉप उघडला. लाल पट्टी होतीच, निदान सोमवारपर्यंत. उपऱ्या खिडक्या बाजूला सारत मी यादीपर्यंत पोचले. धाकटीचा लॅपटॉप बंद होता, बॅगेत, चालत्या बसमध्ये. तिची ओळ करडी होती. वरची ओळ हिरवी होती. थोरलीच्या नावापुढे 'घर' नव्हतं. तिथे धाकटीच्या कॉलेजच्या गावाचं नाव होतं. पोचल्याची वेळ, २:४०. मी घड्याळाकडे पाहिलं. दोन चाळीसच झाले होते.

मी तिथेच बसून राहिले. खिडक्या उघडत होत्या, गाड्या बक्षीस लागत होत्या. दोन सत्तेचाळीसला फोन वाजला.

"आई, आत्ताच उतरले गं. पोचले मी."

"माहीत आहे," मी म्हटलं. "ताईनं आधीच कळवलं."